फोरहँड, टेनिसमधील

टेनिसच्या खेळातील एक मूलभूत फटका. रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूस आलेला चेंडू, त्याचा टप्पा पडल्यानंतर, तळहाताची बाजू फटक्याच्या दिशेस ठेवून परतविणे म्हणजे फोरहँड होय. मराठीत यास ‘सुलट्या हाताचा फटका’ म्हणता येईल. तथापि क्रीडांगणावर मूळ शब्दच रूढ झाला आहे. शरीराच्या विरुद्ध बाजूस आलेला चेंडू हाताची पाठ पुढे करून परतविण्यास बॅकहँड, तर टप्पा पडण्यापूर्वीच चेंडू मारण्यास व्हॉली म्हणतात. सर्व्हिसनंतर चालणाऱ्या खेळात बहुतेक खेळाडूंचे मुख्य आक्रमक अस्त्र फोरहँड हेच असते. पुढील वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्या खेळाडूस अनुलक्षून आहे. डावखुऱ्या खेळाडूच्या बाबतीत दिशा उलट समजाव्यात.

जोरदार फोरहँड हा दंडाच्या बळाने मारला जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. फटक्याचा वेग हा प्रामुख्याने पाय व धड यांतून निर्माण होतो; हात व रॅकेट यांचे कार्य तो वेग चेंडूपर्यंत योग्य क्षणी व योग्य कोनातून पोहोचविण्याचे असते. या एका गोष्टीच्या आकलनावर फटक्याची परिणामकारकता आणि खेळाडूच्या मनगट, कोपर व खांदा यांचे आरोग्य या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात.

भौतिकीय आधार : टेनिसचे क्रीडांगण २३·७७ मी. लांब असते. एकेरीसाठी त्याची रुंदी ८·२३ मी. असून जाळ्याची मध्यभागी उंची ०·९१४ मी. असते. चेंडूचे वजन ५६ ते ५९·४ ग्रॅ. असते. म्हणजे प्रत्येक फटक्यास दोन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात : चेंडू जाळ्यावरून गेला पाहिजे आणि समोरच्या अंतिम रेषेच्या आत पडला पाहिजे.

वेग वाढत गेला की या दोन अटींमधील वाव झपाट्याने कमी होतो. अंतिम रेषेवरून, जमिनीपासून १ मी. उंचीवर चेंडू मारला असे समजून आणि हवेचा रोध व फिरकी वगळून हिशेब केल्यास, ताशी ७२ किमी. वेगाच्या फटक्यात चेंडूच्या ऊर्ध्व कोनाला सु. ७ अंशांची मोकळीक मिळते. त्या पट्ट्यातील कोणत्याही कोनातून निघालेला चेंडू जाळे ओलांडून आतच पडतो. हाच वेग ताशी १०८ किमी. केला, की ही मोकळीक सु. पावणेदोन अंशांवर येते. वेग दीडपट होताच चुकीस मिळणारी जागा चौथ्या हिश्श्यावर येते. केवळ ताकद वाढविणाऱ्या नवशिक्या खेळाडूचे फटके एकदा जाळ्यात, तर एकदा रेषेबाहेर का जातात, याचे उत्तर या भूमितीत आहे.

यावरील उपाय म्हणजे चेंडूस दिलेली पुढची फिरकी, म्हणजेच टॉपस्पिन. रॅकेट खालून वर घासत नेल्यास चेंडूचा वरचा भाग पुढच्या दिशेने फिरू लागतो. अशा फिरत्या चेंडूवर मॅग्नस परिणामामुळे खालच्या दिशेने अतिरिक्त प्रेरणा कार्य करते. ताशी १०८ किमी. वेगाच्या चेंडूस मिनिटाला सु. ३,००० फेरे मिळाले, तर ही प्रेरणा चेंडूच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भरते. परिणामी वरील हिशेबातील पावणेदोन अंशांची मोकळीक चार अंशांच्याही पुढे जाते. चेंडू जाळ्यावरून भरपूर उंचीने जातो, मग वेगाने खाली वळतो, आणि टप्प्यानंतर उंच उसळतो. थोडक्यात, फिरकी हा जोराला पर्याय नसून जोर वापरता यावा यासाठी भरावे लागणारे मोल आहे.

फिरकी देण्यात आणखी एक अडचण असते. जमिनीवर टप्पा पडून उसळलेला चेंडू घर्षणामुळे आधीच पुढच्या दिशेने फिरत असतो. तो परत पाठविताना पुन्हा पुढची फिरकी द्यावयाची, तर त्याचे फिरणे प्रथम थांबवून उलट दिशेस सुरू करावे लागते. म्हणूनच टॉपस्पिन फोरहँडसाठी रॅकेटचा वेग बराच अधिक लागतो. याउलट वरून खाली कापून मारलेल्या फटक्यात चेंडूचे फिरणे त्याच दिशेस चालू राहते. म्हणून तो फटका कमी श्रमात साधतो.

पकड : रॅकेटच्या मुठीस आठ पैलू असतात. रॅकेटची चौकट जमिनीशी काटकोनात उभी धरल्यावर वर येणारा पैलू पहिला समजून, मुठीच्या टोकाकडून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने क्रमांक देतात. तर्जनीच्या मुळाचा सांधा कोणत्या पैलूवर टेकतो, यावरून पकडीचा प्रकार ठरतो.

(१) कॉन्टिनेंटल पकड : सांधा दुसऱ्या पैलूवर. हातोडी धरल्यासारखी ही पकड कमी उंचीच्या चेंडूस व व्हॉलीस सोयीची असते. उंच उसळलेल्या चेंडूवर मात्र रॅकेटचा चेहरा आकाशाकडे वळतो व फटका दुबळा पडतो. (२) ईस्टर्न पकड : सांधा तिसऱ्या पैलूवर. तळहात मुठीच्या मागे येतो. समोरच्या व्यक्तीशी हस्तांदोलन करावे, तशी ही पकड असून नवशिक्यास सर्वांत सहज समजते. कमरेच्या उंचीच्या चेंडूवर ती उत्कृष्ट ठरते. (३) सेमी-वेस्टर्न पकड : सांधा चौथ्या पैलूवर. रॅकेटचा चेहरा किंचित खाली झुकतो. छातीच्या उंचीचा चेंडू जोराने मारता येतो व फिरकीही भरपूर मिळते. आधुनिक स्पर्धात्मक टेनिसमध्ये हीच पकड सर्वाधिक प्रचलित आहे. (४) वेस्टर्न पकड : सांधा पाचव्या, म्हणजे तळाच्या पैलूवर. खांद्याच्या उंचीच्या चेंडूस ती अनुकूल; परंतु खाली राहिलेला चेंडू उचलणे अवघड जाते आणि मनगटावर ताण पडतो.

पकडीची ही नावे प्रदेशांवरून पडली आहेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात, सिमेंटच्या कठीण क्रीडांगणांवर चेंडू उंच उसळे. तेथे वेस्टर्न पकड रुजली. पूर्व किनाऱ्यावरील हिरवळीवर उसळी कमी असल्याने ईस्टर्न पकड सोयीची ठरली. तात्पर्य, पकड ही आवडीनिवडीची बाब नसून जमिनीच्या उसळीशी तिचा संबंध आहे. जी पकड एका मैदानावर शोभते, ती दुसऱ्या मैदानावर अडचण ठरू शकते.

पूर्वतयारी व पदन्यास : प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूस लागत असतानाच खेळाडू दोन्ही पायांवर एक लहानशी उडी घेतो व पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून खाली येतो. या उडीमुळे पायांचे स्नायू ताणले जाऊन कोणत्याही दिशेस झेप घेण्यास सिद्ध होतात. चेंडू फोरहँडच्या बाजूस येत आहे हे उमगताच प्रथम हालतात ते खांदे, हात नव्हे. डावा हात रॅकेटच्या मानेवर ठेवूनच दोन्ही खांदे एकदम उजवीकडे वळवितात. त्यानंतर डावा हात अंतिम रेषेशी जवळजवळ समांतर आडवा पसरतो. त्यामुळे खांद्यांचे वळण पूर्ण होते व तोलही सांभाळला जातो. नवशिके खेळाडू केवळ उजवा हात मागे नेतात व छाती जाळ्याकडेच ठेवतात. येथेच फटक्याचा बराचसा जोर निघून जातो.

पायांची ठेवण तीन प्रकारची असते. डावा पाय चेंडूच्या दिशेने पुढे टाकून उभे राहणे ही पारंपरिक ठेवण होय. तीत शरीराचे वजन मागील पायावरून पुढील पायावर सरळ जाते. दोन्ही पाय अंतिम रेषेशी समांतर ठेवण्यास खुली ठेवण, तर दोहोंच्या मधल्या ठेवणीस अर्धखुली ठेवण म्हणतात. वेगवान खेळात पाय टाकण्यास सवड नसल्यामुळे खुली व अर्धखुली ठेवण अधिक वापरली जाते. मात्र तीत पुढे जाणाऱ्या वजनाऐवजी धडाच्या पिळावर भर असल्याने उजवा पाय भक्कम रोवणे व गुडघा वाकविणे अत्यावश्यक ठरते.

शक्तीची साखळी : शेतकरी गोफण फिरवितो किंवा गाडीवान आसूड ओढतो, तेव्हा हाताची हालचाल लहान असते, पण टोकाचा वेग प्रचंड असतो. जाड बुंध्यातील गती क्रमाक्रमाने बारीक टोकाकडे सरकत जाते व प्रत्येक टप्प्यास वाढते. फोरहँडमध्ये शरीर याच तत्त्वावर कार्य करते. उजवा पाय जमिनीस ढकलतो. जमीन तितक्याच प्रेरणेने शरीरास वर व पुढे ढकलते. त्यामुळे प्रथम कंबर जाळ्याकडे वळते, मागोमाग धड व खांदे, त्यानंतर दंड, मग पुढचा हात, आणि शेवटी रॅकेट. प्रत्येक भाग आपल्या महत्तम वेगास पोहोचून मंदावू लागतो, त्या वेळी पुढचा भाग वेग घेतो.

या क्रमाचे रहस्य उशिरात आहे. मागील झोलाच्या अखेरीस खांद्यांची रेषा कमरेच्या रेषेपेक्षा सु. २० ते ३० अंश अधिक वळलेली असते. कंबर उलट फिरू लागली तरी खांदे क्षणभर मागेच राहतात, त्यामुळे पोट व पाठ यांचे स्नायू ताणलेल्या रबराप्रमाणे पिळले जातात. ताणलेला स्नायू लगेच आकुंचन पावला तर तो अधिक जोराने आकुंचन पावतो, हा शरीरक्रियेचा नियम येथे उपयोगी पडतो. ताण व आकुंचन यांमध्ये खंड पडला, तर हा लाभ बराचसा नाहीसा होतो. म्हणून झोल मागे नेऊन थांबणे आणि मग पुन्हा नव्याने सुरुवात करणे हा दोष समजला जातो.

मनगटाविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतो. हात पुढे येऊ लागला की रॅकेट आपल्या जडत्वामुळे मागे रेंगाळते व मनगट आपोआप मागे वळते. चेंडूस आघात होतानाही ते बहुधा काहीसे मागेच वळलेले असते. आघातानंतर ते पुढे येताना दिसते, यावरून खेळाडूने मनगट मुद्दाम झटकले असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः ही हालचाल बव्हंशी साखळीचा परिणाम असते. ती जाणूनबुजून करू गेल्यास रॅकेटचा कोन बिघडतो व मनगटाचे अस्थिबंध दुखावतात.

आघात : चेंडू तारांवर केवळ ४ ते ५ सहस्रांश सेकंद टेकतो. एवढ्या अवधीत खेळाडूस काहीही दुरुस्ती करता येत नाही. जे करावयाचे ते आधीच झालेले असावे लागते. म्हणून आघाताच्या क्षणी तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. पहिली, आघाताचे स्थान : चेंडू शरीराच्या पुढे, कमर ते छाती यांच्या दरम्यानच्या उंचीवर घ्यावा. पकड जितकी वेस्टर्नकडे झुकलेली, तितके हे स्थान अधिक पुढे व अधिक उंच असते. दुसरी, रॅकेटचा चेहरा : तो जमिनीशी जवळजवळ काटकोनात किंवा किंचित खाली झुकलेला असावा; फिरकी ही चेहरा झाकण्याने नव्हे, तर रॅकेटच्या खालून वर जाण्याच्या मार्गाने निर्माण होते. तिसरी, डोके : ते आघात होईपर्यंत स्थिर राहावे. चेंडू कोठे गेला हे पाहण्यासाठी डोके लवकर वळले, की खांदा उघडतो आणि चेंडू रॅकेटच्या मध्यबिंदूपासून ढळतो.

मूठ घट्ट आवळल्याने फटका जोरदार होतो, हाही समज टिकणारा नाही. आघाताचा धक्का मुठीपर्यंत जाऊन परत येण्यापूर्वीच चेंडू तारांवरून निघून गेलेला असतो. त्यामुळे मध्यभागी बसलेल्या फटक्याच्या वेगावर मुठीच्या घट्टपणाचा फारसा परिणाम होत नाही. उलट आवळलेल्या मुठीमुळे पुढच्या हाताचे स्नायू ताठरतात आणि साखळीचा शेवटचा दुवा मंदावतो. रॅकेट निसटणार नाही इतकीच मूठ घट्ट असावी.

अनुगमन : आघातानंतर रॅकेट चेंडूच्या मागे पुढे जाऊन वर जाते व डाव्या खांद्यावर, किंवा फिरकी अधिक असल्यास डाव्या दंडाजवळ विसावते. धावता धावता किंवा उशिरा मारलेल्या फटक्यात काही खेळाडू रॅकेट डोक्यावरून त्याच बाजूस फिरवितात. अनुगमनाने चेंडूच्या गतीत बदल होत नाही, कारण चेंडू तेव्हा दूर गेलेला असतो. त्याचे महत्त्व दोन कारणांनी आहे : आधीची हालचाल योग्य होती की नाही याची ती खूण असते, आणि वेगाने फिरणारा हात सावकाश थांबविण्यास स्नायूंना त्यामुळे अवधी मिळतो. हात एकाएकी रोखल्यास खांद्याच्या मागील स्नायूंवर आघात होतो.

साधनांचा परिणाम : रॅकेटची लांबी नियमानुसार कमाल ७३·७ सेंमी. असते, प्रचलित लांबी ६८·६ सेंमी. आहे. लाकडी रॅकेटींचा चेहरा लहान असे. १९७६ मध्ये हॉवर्ड हेड यांनी मोठ्या चेहऱ्याची प्रिन्स रॅकेट बाजारात आणली. चेहरा रुंद झाल्याने मध्यापासून बाजूला लागलेल्या चेंडूमुळे रॅकेट हातात कमी वळू लागली आणि खालून वर झपाट्याने घासून मारणे कमी धोक्याचे झाले. १९८० नंतरच्या दशकात ग्रॅफाइटने लाकडाची जागा घेतली. पुढे पॉलिएस्टरच्या तारांनी आणखी एक बदल घडविला. या तारा गुळगुळीत असल्याने आघातात बाजूला सरकतात व लगेच मूळ जागी परततात. त्या परतीत चेंडूस अधिक फिरकी मिळते. मात्र त्या कडक असल्यामुळे हाताला बसणारा धक्काही अधिक असतो. वाढत्या वयाच्या मुलांना व हौशी खेळाडूंना मऊ तारा व कमी ताण श्रेयस्कर.

ऐतिहासिक विकास : विंबल्डन स्पर्धा १८७७ मध्ये सुरू झाली. १८८७ चे विजेते हर्बर्ट लॉफर्ड हे जोरदार टॉपस्पिन फोरहँडसाठी प्रसिद्ध होते. कॅलिफोर्नियाचे बिल जॉन्स्टन यांनी वेस्टर्न पकडीचा फोरहँड विख्यात केला. १९२३ मध्ये ते विंबल्डनचे विजेते झाले. त्यांचे प्रतिस्पर्धी बिल टिल्डन यांनी ईस्टर्न पकडीचा पुरस्कार केला. टेबल-टेनिसमधील माजी जागतिक विजेते फ्रेड पेरी यांनी कॉन्टिनेंटल पकडीने, चेंडू उसळत असतानाच तो मारून, १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षे विंबल्डन जिंकले. स्वीडनचे ब्यॉर्न बोर्ग यांनी भरपूर फिरकीचा फोरहँड हे विजयाचे प्रमुख साधन होऊ शकते, हे सिद्ध केले. त्यांनी फ्रेंच स्पर्धा सहा वेळा व विंबल्डन १९७६ ते १९८० अशी सलग पाच वेळा जिंकली. स्टेफी ग्राफ यांनी १९८८ मध्ये चारही प्रमुख स्पर्धा व सोल ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. त्यांचा फोरहँड काहीसा सपाट, परंतु पदन्यास इतका चपळ होता, की बॅकहँडच्या बाजूस आलेले चेंडूही त्या धावत जाऊन फोरहँडने मारीत. स्पेनचे डावखुरे राफाएल नादाल यांच्या फोरहँडच्या उच्चगती चित्रणावरून केलेल्या मोजणीत चेंडूस मिनिटास सरासरी सु. ३,२०० फेरे मिळत असल्याचे आढळले. त्यांनी फ्रेंच स्पर्धा चौदा वेळा जिंकली.

भारतात व महाराष्ट्रात : विसाव्या शतकातील भारतीय खेळाडूंचा फोरहँड हिरवळीवर घडला. हिरवळीवर चेंडू खाली राहतो. त्यामुळे रामनाथन कृष्णन यांच्यासारख्या खेळाडूंनी जोरापेक्षा अचूक स्पर्श व जागा शोधण्याचे कौशल्य यांवर भर दिला. ते १९६० व १९६१ मध्ये विंबल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. संस्कृत लेखिका पंडिता क्षमाबाई राव यांच्या कन्या लीला राव या विंबल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला होत (१९३४). मुंबईत जन्मलेल्या व हैदराबादला वाढलेल्या सानिया मिर्झा यांनी भारतीय टेनिसमध्ये खऱ्या अर्थाने जोरदार फोरहँड आणला. त्याच्या बळावर २००७ मध्ये त्या जागतिक क्रमवारीत एकेरीत सत्ताविसाव्या स्थानी पोहोचल्या. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मात्र मनगटाच्या दुखापतीमुळे त्यांना पहिलाच सामना अर्ध्यावर सोडावा लागला.

महाराष्ट्रातील गौरव नाटेकर यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेस यांच्यासमवेत दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडी येथे क्रीडासंकुल उभे राहिले. तेथे २०१८ ते २०२० तसेच २०२२ व २०२३ मध्ये पुरुषांची व्यावसायिक महाराष्ट्र खुली स्पर्धा झाली. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या क्रीडांगणावर २०१७ मध्ये झालेली महिलांची स्पर्धा, पुढे जागतिक अग्रस्थान मिळविणाऱ्या आरिना सबालेंका यांनी जिंकली. मोठ्या शहरांबाहेरूनही खेळाडू पुढे आले आहेत. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे यांनी २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झा यांच्यासह महिला दुहेरीत कांस्यपदक मिळविले. श्रीरामपूर येथे जन्मलेल्या ऋतुजा भोसले यांनी २०२३ मध्ये हांगजो येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णा यांच्यासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक पटकाविले.

स्थानिक परिस्थिती : तंत्राचा विचार जमीन व हवामान यांपासून अलग करता येत नाही. नासिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत व त्याचा परिसर हे याचे चांगले उदाहरण होय. मुंबई-आग्रा महामार्गावरील, द्राक्षे, कांदा व टोमॅटो यांच्या बाजारपेठेचे हे ठिकाण दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीच्या पट्ट्यात आहे. या उंचीवर हवेची घनता किनारपट्टीपेक्षा ५ ते ६ टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे चेंडूस होणारा रोध व फिरकीमुळे मिळणारी अधोगामी प्रेरणा ही दोन्ही थोडी घटतात. मुंबईत रेषेच्या आत पडणारा फटका येथे किंचित लांब जातो व तो आवरण्यासाठी फिरकी वाढवावी लागते.

ऋतुमानाचा परिणाम याहून ठळक असतो. निफाड तालुक्यात हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानांपैकी काही नोंदली जातात, तर उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. चेंडूची उसळी २०° से. तापमानास प्रमाणित केलेली असते : २५४ सेंमी. उंचीवरून कठीण पृष्ठावर सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंमी. उसळला पाहिजे. थंडीत चेंडूतील हवेचा दाब घटतो व रबर ताठरते. उसळी कमी होते. पौषातील पहाटे खाली राहणारा चेंडू वैशाखातील दुपारी अधिक उंच येतो. अशा प्रदेशातील शिकाऊ खेळाडूने टोकाची वेस्टर्न पकड धरली, तर थंडीचे महिने तिला अडचणीचे जातात. ईस्टर्न आणि सेमी-वेस्टर्न यांच्या दरम्यानची पकड आणि गुडघे वाकविण्याची सवय ही दोन्ही ऋतूंत उपयोगी पडते.

मैदानाची बांधणीही विचारात घ्यावी लागते. गोदावरी खोऱ्यातील काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीवर थेट आखलेल्या मैदानावर टप्पा विश्वासार्ह राहत नाही. काळी माती पुरेशी खोल काढून, दगड व मुरूम यांचा थर देऊन, वर बारीक लाल मातीचा थर पाणी मारून रोलरने दाबल्यास टिकाऊ मैदान मिळते. असे मैदान सिमेंटच्या मैदानापेक्षा गुडघ्यांना सौम्य असते. त्यावर चेंडू मंदावतो व खेळाडूस फटक्याची पूर्ण हालचाल करण्यास अवधी मिळतो. शिकण्यासाठी ते अधिक योग्य होय.

सामान्य दोष व दुखापती : आढळणारे प्रमुख दोष असे : खांदे न वळविता केवळ हाताने मारणे, चेंडू शरीराच्या फार जवळ किंवा फार उशिरा घेणे, पाय ताठ ठेवून कमरेत वाकणे, फिरकीसाठी मनगट वळविणे, आणि आघाताआधीच डोके उचलणे. यांतील बहुतेक दोषांचे मूळ एकच असते, ते म्हणजे उशिरा सुरू झालेली तयारी. उशीर झाला की धडाचे काम हाताला करावे लागते.

हाच भार पुढे दुखापतीस कारणीभूत होतो. कोपराच्या बाहेरील बाजूच्या दुखण्याचा संबंध प्रायः बॅकहँडशी येतो. फोरहँडमध्ये कोपराची आतील बाजू, मनगट व खांदा यांवर ताण पडतो. ईस्टर्न पकडीत मनगटाची अंगठ्याकडील बाजू, तर सेमी-वेस्टर्न व वेस्टर्न पकडीत करंगळीकडील बाजू अधिक दुखावते. अर्जेंटिनाचे ह्वान मार्तिन देल पोत्रो यांचा फोरहँड अत्यंत वेगवान मानला जाई. २००९ ची अमेरिकन स्पर्धा त्यांनी जिंकली, परंतु मनगटांच्या वारंवार शस्त्रक्रियांमुळे त्यांची कारकीर्द खंडित झाली. वाढत्या वयात हाडांची टोके मऊ असल्याने मुलांना हा धोका अधिक असतो. दुखणे सुरू होताच खेळ थांबविणे, तारांचा ताण कमी करणे व तंत्र तपासणे हा क्रम पाळावा. केवळ पट्टा बांधून खेळत राहिल्याने दोष तसाच राहतो.

प्रशिक्षण : आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या २०१२ पासून अमलात आलेल्या नियमानुसार दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत मंद गतीचे चेंडू वापरावे लागतात. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के व हिरवा २५ टक्के मंद असतो. यामागील हेतू तांत्रिक आहे. नेहमीचा चेंडू लहान मुलाच्या डोक्यापर्यंत उसळतो. त्यामुळे मूल नाइलाजाने पकड तळाकडे वळविते व तीच सवय कायम होते. मंद चेंडू कमरेजवळ राहतो आणि मूल पूर्ण शरीराने फटका मारण्यास शिकते.

दूरचित्रवाणीवर दिसणारी नामवंत खेळाडूंची अखेरची मुद्रा, म्हणजे हवेत उचललेले पाय व डोक्यावरून फिरलेली रॅकेट, यांचे अनुकरण मुले प्रथम करतात. ही मुद्रा म्हणजे फटक्याचा परिणाम असतो, कारण नव्हे. शिकण्याचा क्रम याच्या उलट असावा : आधी उडी व खांद्यांचे वळण, मग पायांची ठेवण, मग शरीरापुढे आघात, त्यानंतर फिरकी, आणि सर्वांत शेवटी वेग.

प्रशिक्षक व पुरेशी मैदाने उपलब्ध नसलेल्या ठिकाणी भिंत हे उत्तम साधन ठरते. भिंतीवर जमिनीपासून ९१ सेंमी. उंचीवर जाळ्याची रेषा व तिच्या वर अर्ध्या मीटरवर दुसरी रेषा आखावी. सु. १० मी. अंतरावरून, चेंडूस दोन टप्पे घेऊ देऊन, दुसऱ्या रेषेच्या वर सलग वीस फटके मारता येईपर्यंत वेग वाढवू नये. चेंडूशिवाय, आरशासमोर किंवा आपल्या सावलीकडे पाहून केलेला सरावही उपयुक्त असतो. त्यात खांद्यांचे वळण व हालचालीचा क्रम स्वतःस तपासता येतो. फटका योग्य रीतीने बसला, की हातास धक्का जाणवत नाही व श्रम पाय आणि पोट यांना जाणवतात. सरावानंतर प्रथम हात दुखू लागला, तर साखळीतील एखादा दुवा निसटला आहे असे समजावे.